पाठीवरचा पट्टा



परवा चौथीच्या वर्गात समुद्राची चित्रं दाखवत होते. एका चित्रात पाणबुड्या होता. तोंडात नळी, पायाला बदकासारखे पंजे आणि पाठीवर भली मोठी टाकी. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, ती टाकी पाठीवरून पडत कशी नाही हो?"

सगळा वर्ग खो खो हसला. मी मात्र हसले नाही. कारण माझी टाकी एकदा घसरली होती!

ऐका तर मग. मागच्या मे महिन्याच्या सुट्टीत मी मालवणजवळच्या तारकर्लीला पाण्याखाली उतरायला शिकत होते. समुद्राच्या आधी सराव तलावात. पाणबुड्या अंगात एक जाकीट घालतो. त्यात हवा भरली की माणूस वर तरंगतो, हवा सोडली की खाली जातो. याच जाकिटाच्या पाठीला टाकी बांधायची असते. कशानं? साखळीनं नाही, खिळ्यांनी नाही. बोटभर रुंदीच्या दोन-तीन पट्ट्या जोडल्यासारख्या एका नायलॉनच्या पट्ट्यानं!

टाकी काही हलकी नसते बरं का. नेहमीची ॲल्युमिनियमची टाकी रिकामी असतानाच सुमारे १४ किलो भरते. तिच्यात साधारण ११ लिटर पाणी मावेल, पण हवा मात्र दाबून दाबून २,००० लिटरहून जास्त भरलेली असते. त्या हवेचंच वजन अडीच किलोच्या आसपास होतं. आणि हो, टाकीत नुसता प्राणवायू असतो असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. आपण घेतो तीच साधी हवा तिच्यात असते.

तर मी पट्टा टाकीभोवती घातला, जोर लावून ओढला, खटका बंद केला. माझी जोडीदार कॉलेजातली एक मुलगी होती. ती म्हणाली, "ताई, तुमचा पट्टा बघू का एकदा?"

मी म्हटलं, "अगं, बघितलाय मी. घट्ट आहे चांगला."

रोज तुमच्या वह्या तपासणाऱ्या बाईंना स्वतःचा पट्टा तपासून घ्यायची लाज वाटली!

पाण्यात पाच-दहा मिनिटं झाली असतील. एकाएकी पाठीवरचं ओझं खाली सरकलं. टाकीबरोबर नळी ओढली गेली आणि तोंडातला भाग निसटायला लागला. मी तो हातानं घट्ट धरून ठेवला. पण पाठीमागे काय झालंय ते मला दिसणार कसं? तेवढ्यात जोडीदार मागून आली. तिनं टाकी हातांवर तोलून धरली आणि आम्ही दोघी सावकाश वर आलो.

काठावर आमचे शिकवणारे दादा उभे होते. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "बाईंनू, पट्टो भिजवलात काय?"

मी पट्टा कोरडाच बांधला होता. आपल्या विहिरीचा सुती दोर आठवा. तो भिजला की पीळ फुगतो आणि दोर आखडतो, गाठ आणखी आवळते. मला वाटलं, याचंही तसंच होईल. नायलॉनचं उलटं असतं. ते पाणी शोषून थोडं लांबतं. कोरडा असताना करकचून आवळलेला पट्टा पाण्यात ढिला पडतो. म्हणून आधी तो चांगला भिजवायचा आणि मगच आवळायचा.

मग दादांनी मला सगळं पुन्हा करायला लावलं. टाकी उभी धरायची. ओल्या पट्ट्याचा वेढा वरून घालायचा. टाकीच्या व्हॉल्व्हचं हवा बाहेर पडायचं तोंड जाकिटाकडे ठेवायचं. उंची नीट बघायची. टाकी फार वर राहिली तर मान मागे नेताच डोकं आपटतं. काही जाकिटांना आणखी एक बारीक पट्टा असतो. तो व्हॉल्व्हच्या गळ्यात अडकवायचा, म्हणजे मोठा पट्टा सैल झाला तरी टाकी एकदम खाली जात नाही. मग मोठा पट्टा दोन्ही हातांनी ओढायचा आणि खटका दाबून बंद करायचा.

संपलं? छे! आता खरी परीक्षा. जाकीट वरच्या बाजूनं धरून उचलायचं आणि चांगलं हलवायचं. टाकी तसूभर जरी सरकली तरी पट्टा सोडून पहिल्यापासून बांधायचा. आणि शेवटी जोडीदाराला म्हणायचं, "जरा बघ गं." टाकी उभी सोडून कुठं जायचं नाही, आडवी ठेवायची. नाहीतर कुणाच्या तरी पायावर पडायची.

या खेपेला "जरा बघ गं" हे मी स्वतःहून म्हटलं. तिनं पट्टा ओढून पाहिला, खटका चाचपला आणि अंगठा व तर्जनी जुळवून 'ठीक आहे' अशी खूण केली. त्यानंतर टाकी जागची हलली नाही.

आता तुम्ही घरी एक गंमत करून बघा. प्लॅस्टिकची बाटली पाण्यानं भरा आणि जुन्या पट्ट्यानं दप्तराच्या बाहेरून बांधा. दप्तर पाठीला लावून अंगणात दहा उड्या मारा. बाटली किती सरकली ते तुम्ही बघायचं नाही, ताईनं किंवा दादानं बघायचं. आईबाबांनो, तुम्हीही या खेळात या. खरी टाकी मात्र शिकवणारं जाणतं माणूस जवळ असल्याशिवाय बांधायची नाही, हं.

आपली पाठ आपल्याला दिसत नाही, मुलांनो. म्हणून कुणी "बघू का?" म्हणालं तर माझ्यासारखं फुगून बसू नका. लगेच पाठ करा त्याच्याकडे!

तुमच्या,
बाई