गाडी तीच, मोजपट्टी वेगळी

मध्यमवर्गीय घरात गाडी घ्यायचे ठरले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘ॲव्हरेज किती देते?’ दुसरा प्रश्न रंगाचा आणि तिसरा डिकीत किती बॅगा बसतात याचा. हीच गाडी दुसऱ्या देशात कशी मिळते, हे मात्र कुणी विचारत नाही. नाव तेच, कंपनी तीच, चित्रातला तोंडवळाही तोच. मग फरक असून असणार कितीसा? सुझुकीच्या स्विफ्टचे उदाहरण घेऊन हा हिशोब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. ही जपानी हॅचबॅक २००५ च्या मे महिन्यात आपल्याकडे आली आणि आज कित्येक घरांची मुलेबाळे तिच्या मागच्या सीटवर बसून आजोळी जातात.

स्विफ्टची चौथी पिढी जपानमध्ये डिसेंबर २०२३ मध्ये आणि भारतात मे २०२४ मध्ये आली. दोन्हीकडे लांबी तीच, ३,८६० मिलिमीटर. रुंदीत मात्र फरक आहे. आपली गाडी १,७३५ मिलिमीटर रुंद, तर जपानमधली १,६९५. जपानमध्ये १,७०० मिलिमीटरपेक्षा रुंद गाडी छोट्या गाड्यांच्या वर्गातून बाहेर पडते आणि तिला मोठ्या वर्गाचा नंबर लागतो. म्हणून तिथली स्विफ्ट अवघे पाच मिलिमीटर अलीकडे थांबते. आपल्याकडे असाच नियम लांबीला आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपर्यंत लांबीच्या, लहान इंजिनाच्या गाड्यांना अबकारी करात सवलत मिळाली. पुढे स्विफ्टचेच डिकीवाले भावंड असलेल्या डिझायरचे काय झाले पाहा. २००८ साली ती ४,१६० मिलिमीटर लांब होती. २०१२ साली ३,९९५ झाली. कापड पाहून शिंपी सदरा बेततो, तसा कायदा पाहून कारखाना गाडी बेततो.

काही फरक रस्त्यांमुळे पडतात. जपानी स्विफ्टचे पोट जमिनीपासून साधारण १२० मिलिमीटर वर असते, आपल्या स्विफ्टचे १६३. आपले खड्डे आणि गल्लोगल्लीचे गतिरोधक ज्याने पाहिले आहेत, त्याला याचे कारण सांगायला नको. जपानच्या बर्फाळ भागांसाठी चारही चाकांना जोर देणारी स्विफ्ट मिळते. आपल्याकडे सप्टेंबर २०२४ मध्ये सीएनजीवर चालणारी आली. अशा फरकांत कुणी कुणाला फसवलेले नाही.

आता पैशांकडे वळू. नव्या स्विफ्टची किंमत जपानमध्ये १७ लाख २७ हजार येनपासून सुरू झाली. मे २०२४ च्या दराने हे सुमारे सव्वानऊ लाख रुपये होतात आणि त्यात तिथला दहा टक्के कर आला. आपल्याकडे ती ६ लाख ४९ हजारांपासून सुरू झाली आणि त्यात २८ टक्के जीएसटी व एक टक्का उपकर होता. दोन्हीकडचा कर वजा केला तर जपानची गाडी सुमारे ८ लाख ४० हजारांची आणि आपली सुमारे ५ लाख ३ हजारांची ठरते. ‘त्यांना चांगली देतात आणि आपल्या माथी हलकी मारतात’ ही तक्रार करताना हा आकडा विसरून चालत नाही. त्याचबरोबर, आपण मोजलेल्या साडेसहा लाखांत जवळजवळ दीड लाख रुपये सरकारचे होते, हेही विसरता येत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. सवलतीसाठी चार मीटरची अट मात्र कायम राहिली.

रस्त्याचा आणि पैशाचा हिशोब झाल्यावर एक फरक उरतो, तो जिवाचा. २०१० साली युरोपच्या ‘युरो एनकॅप’ या संस्थेने त्या वेळच्या स्विफ्टला सुरक्षेसाठी पाच तारे दिले. नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’ने भारतात विकली जाणारी त्याच पिढीची, एअरबॅग नसलेली स्विफ्ट ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळून पाहिली. मोठ्या प्रवाशांच्या संरक्षणासाठी तिला एकही तारा मिळाला नाही. कंपनीने कोणताही नियम मोडला नव्हता, कारण नियमच नव्हता. चालकासमोर एअरबॅग हवीच, हे बंधन आपल्याकडे जुलै २०१९ मध्ये आले. पुढच्या पिढीच्या दोन एअरबॅग असलेल्या स्विफ्टला २०१८ मध्ये दोन तारे मिळाले आणि निकष कडक झाल्यावर डिसेंबर २०२२ मध्ये एकच.

मी बँकेत असताना वाहनकर्जाची कितीतरी प्रकरणे टेबलावरून गेली. पगाराचा दाखला, कोटेशन, जामीनदार, विमा सगळे तपासले जाई. विमा गाडीचा, म्हणजे आमच्या तारणाचा. गाडीत बसणारी माणसे कितपत सुरक्षित आहेत, असा रकाना अर्जात नव्हता. तो असावा असे मलाही कधी सुचले नाही. पंधरा-वीस हजारांसाठी एअरबॅगचे मॉडेल सोडून संगीताची यंत्रणा आणि सीटकव्हर घेणारे अर्जदार मला शहाणे वाटत.

आज चित्र बदलले आहे. २०२४ च्या स्विफ्टमध्ये अगदी खालच्या मॉडेललाही सहा एअरबॅग आहेत. गंमत म्हणजे तशी सक्ती झालेली नव्हती. सरकारने २०२२ मध्ये सहा एअरबॅगचा मसुदा काढला, पण सप्टेंबर २०२३ मध्ये सक्ती करणार नसल्याचे नितीन गडकरी यांनी सांगितले. ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची ‘भारत एनकॅप’ चाचणी सुरू झाली. ताऱ्यांची चर्चा घराघरांत पोचली, गिऱ्हाईक विचारू लागले आणि जे कायद्याने झाले नाही ते बाजाराने केले, असे मला वाटते.

तरी अंतर उरलेच. समोर माणूस किंवा गाडी आली की कॅमेरा आणि रडारच्या मदतीने आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा जपानी स्विफ्टमध्ये आहे. भारतात २०२४ साली आलेल्या स्विफ्टमध्ये ती नव्हती. आपल्या गर्दीत ती कितपत चालेल, ही शंका रास्त आहे. पण ती बसवणे आपल्याला जमत नाही, असे म्हणता येणार नाही. सुझुकीची फ्रॉन्क्स गुजरातमध्ये तयार होऊन २०२४ पासून जपानला जाते, ती ही यंत्रणा घेऊनच.

हा गरीब-श्रीमंत देशांचाच मामला आहे, असेही नाही. याच नव्या स्विफ्टला २०२४ मध्ये जपानच्या चाचणीत चार तारे मिळाले, युरोपात तीन आणि ऑस्ट्रेलियात फक्त एक. युरोपला जाणाऱ्या आणि आपल्याकडे येणाऱ्या गाडीत फरक असल्याचे ऑस्ट्रेलियाच्या संस्थेने जाहीर केले आणि तिथे मोठी ओरड झाली. ओरड करणाऱ्या गिऱ्हाइकाची दखल घ्यावीच लागते.

आपणही निदान विचारावे. शोरूममध्ये गेल्यावर ॲव्हरेज जरूर विचारावे, पण त्याआधी याच मॉडेलची चाचणी कुणी, कधी केली आणि लहान मुलांसाठी किती तारे मिळाले, हे विचारावे. आणि गाडी घरी आल्यावर मागच्या सीटवरचा पट्टाही बांधावा. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात सायरस मिस्त्री गेले, तेव्हा ते मागे बसले होते आणि त्यांनी पट्टा बांधला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले होते. तो पट्टा जपानच्या गाडीत असतो तसा आपल्याही गाडीत असतो. तो बांधायला ना कायद्याची वाट पाहावी लागते, ना कंपनीची.