वरून सिलिकॉन मारून घे!

मोठी काचेची मत्स्यटाकी जुन्यात विकत घेतली की पहिला सल्ला ठरलेला असतो: "वरून सिलिकॉन मारून घे, काही होत नाही." दुसरा सल्ला वेल्डरकडून येतो: "अँगलची फ्रेम मारू, हत्ती टेकला तरी हलणार नाही." माझ्या मते हे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत, आणि आज शनिवार असल्यामुळे त्यावर सविस्तर भांडायला मला वेळ आहे.

आधी भांडणाचं कारण. आमचं मूळ गाव कापडे, तालुका पोलादपूर. महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरून पोलादपूरकडे येताना लागतं. तिथल्या घरी आमच्या चुलतदादाने यंदाच्या उन्हाळ्यात पुण्याहून एक जुनी टाकी आणली. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, अडीच फूट उंच, काच १० मिलिमीटरची. आधीच्या मालकाच्या गच्चीवर दोन वर्षं कोरडी पडलेली. बेत असा, की गणपतीत ओटीवर भरून ठेवायची. आता गणपतीत ओटीवर काय असतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. चाकरमानी येतात, घर भरतं आणि रात्री ओळीने घातलेल्या अंथरुणांवर डझनभर पोरं झोपतात. त्यांच्या उशापासून चार हातांवर ही टाकी.

आता गणित करू. घाबरू नका, दहावीचं आहे. टाकी सोयीसाठी १८० × ६० × ७५ सेंटिमीटर धरा. काठोकाठ भरली तर ८१० लिटर. पाण्याचा दाब वर शून्य आणि तळाशी सगळ्यात जास्त, म्हणून सरासरी काढायला निम्मी उंची घ्यायची. ती ०.३७५ मीटर. समोरच्या काचेचं क्षेत्रफळ १.३५ चौरस मीटर. गुणाकार केला की उत्तर येतं सुमारे ५०६ किलो. म्हणजे समोरची एक काच रात्रंदिवस अर्धा टन भार पेलून उभी असते. मागची काचही तेवढाच.

टाक्या बांधणारे शौकीन काचेची जाडी काढायला जे सूत्र वापरतात, त्यात सुरक्षेचा गुणक ३.८ धरतात. वरची कड मोकळी धरून दादाच्या टाकीचे आकडे त्यात घातले, तर सूत्र १७ मिलिमीटर काच मागतं. १० मिलिमीटरला गुणक उरतो जेमतेम १.३. काचेला एखादा ओरखडा, स्टँड जरासा तिरका, एखाद्या पोराचा धक्का, की ते वरचे ०.३ संपले.

आता सिलिकॉनकडे वळू. टाकीचा सांधा धरून ठेवतं ते दोन काचांच्या मधलं सिलिकॉन. आतल्या कोपऱ्यात बोटाने ओढलेली पट्टी मुख्यतः त्या सांध्याचं रक्षण करते. शिवाय नवं सिलिकॉन जुन्या, वाळलेल्या सिलिकॉनला नीट चिकटतच नाही. वरून मारलेला थर म्हणजे आमच्या धंद्यात कोड न वाचता लावलेला पॅच! बग तिथेच राहतो, फक्त दिसेनासा होतो. आणि गळती थांबली तरी काच एक मिलिमीटरनेही जाड झालेली नसते.

फ्रेमचंही तसंच. लोखंडी अँगल कधी काचेला सरळ रेषेत टेकत नाही. मध्ये फट राहिली तर फ्रेम नुसती शोभेची. आणि वेल्डिंगचा एखादा कण काचेला टोचत असेल तर भार त्या एका बिंदूवर येतो. काच तिथूनच तडकते. वरच्या कडेला आतून काचेच्या पट्ट्या चिकटवणं त्यातल्या त्यात शहाणपणाचं, कारण काचेचं पोट फुगणं त्याने बरंच कमी होतं. पण त्यानेही १० चे १७ होत नाहीत.

यावर दादाचं हुकमी उत्तर: "अरे, पुण्यात चार वर्षं भरलेली होती. एक थेंब गळली नाही."

हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं, आणि आमच्या भागातल्या माणसाला तर ते खटकायलाच हवं. महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीपर्यंत उभाच होता. त्या रात्री तो एसटी गाड्या आणि माणसं घेऊन पुरात गेला. महाडची तारिक गार्डन ही इमारत २४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळपर्यंत उभीच होती. १६ जण गेले. टाकीची तुलना त्या दुःखाशी नाही, मला फक्त युक्तिवादाबद्दल बोलायचंय. 'कालपर्यंत टिकलं' यातून कालचं कळतं. गणपतीच्या रात्रीचं कळत नाही.

आणि हे काही फक्त गावठी जुगाडाचं नाही. बर्लिनचं ॲक्वाडोम तर व्यावसायिक अभियंत्यांनी बांधलेलं, त्याचं नूतनीकरणही झालेलं. १६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे ते फुटलं. दहा लाख लिटर पाणी आणि सुमारे दीड हजार मासे हॉटेलात आणि रस्त्यावर. पहाटेची वेळ होती म्हणून माणसं वाचली.

आता समोरच्याची बाजूही ऐकू. नवी जाड काचेची टाकी महाग पडते, हे खरं. जुनी काच फेकून देणं हा माज आहे, हेही खरं. जुन्या टाकीला माझा विरोध नाहीच. पण ती मजबूत करायची तर काहीतरी चिकटवलंच पाहिजे, या समजुतीला आहे.

सगळ्यात स्वस्त मजबुती म्हणजे पाणी कमी भरणं. काचेवरचा भार पाण्याच्या उंचीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तो कमीही तसाच होतो. ७५ ऐवजी ४५ सेंटिमीटर पाणी भरा. ५०६ किलोचे १८२ होतात, तिसऱ्या हिश्श्याच्या जरासे वर. तरीही ४८६ लिटर पाणी उरतं. माशांना पोहायला लांबी-रुंदी लागते. अडीच फुटांची उंची लागते ती पाहुण्यांना दाखवायला.

याच्यापुढे जायचं असेल तर अर्धवट काही करू नका. टाकी पूर्ण उसवा, ब्लेडने जुनं सिलिकॉन शेवटच्या कणापर्यंत काढा, काच स्पिरिटने पुसा, कडा तपासा, पुन्हा बांधा, आठवडाभर वाळू द्या. मग अंगणात आठवडाभर भरून ठेवा, घरात नाही. चोवीस तासांच्या चाचणीने फार तर गळती कळते.

फ्लॅटवाल्यांनी हसू नये. राहत्या खोल्यांसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरतात. ही टाकी काठोकाठ भरली तर काच, वाळू आणि स्टँड धरून एक टनाच्या आसपास जाते, आणि उभी असते जेमतेम एका चौरस मीटरवर. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय चौथ्या मजल्यावर असलं काही चढवू नका. त्याची फी खालच्या शेजाऱ्याच्या छतापेक्षा कमीच असते.

दादाला मी एवढंच सांगितलंय, की ४५ सेंटिमीटरवर मार्करने एक रेघ मार आणि पाणी तिच्यावर जाऊ देऊ नकोस. तो म्हणतो, टाकी अर्धवट भरलेली दिसेल, लोक हसतील.

हसू देत की!