दुरुस्तीचा धंदा आणि सचोटी

जुनी वस्तू दुरुस्त करून विकण्याच्या धंद्याकडे आपल्या समाजात दोन नजरांनी पाहिले जाते. शिकलेल्यांना तो हलका वाटतो आणि गिऱ्हाइकाला फसवणुकीचा. पहिली नजर साफ चुकीची आहे. दुसरी मात्र पुष्कळदा खरी ठरते, म्हणूनच तिच्याविषयी बोलले पाहिजे.

गवत कापायच्या यंत्राचेच उदाहरण घेऊ. आपल्या कोकणात त्याला सगळे ‘ग्रास कटर’ म्हणतात. पाऊस सरला की आंबा-काजूच्या बागांत कमरेएवढे गवत उभे असते. ते वेळेवर काढले नाही तर पुढे वणव्याची भीती. नवे यंत्र घेण्याची ऐपत सर्वांची नसते. अशा वेळी दुरुस्त केलेले जुने यंत्र हेच मजुराचे आणि लहान बागायतदाराचे भांडवल ठरते.

या यंत्राचे इंजिन बहुधा टू-स्ट्रोक. त्याचे ऑइल पेट्रोलमध्येच ठरल्या प्रमाणात मिसळावे लागते. ते विसरले की पिस्टन घासून जाम होतो. हंगामानंतर टाकीत पेट्रोल तसेच राहिले तर कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत चिकट साका बसतो. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते ओलावा ओढून घेते, त्यामुळे जास्तच जपावे लागते. पण असे बंद पडलेले यंत्र भंगार नव्हे. कार्बोरेटर धुतला, त्यातला कडक झालेला पडदा बदलला, प्लग व एअर फिल्टर साफ केला की पुष्कळदा ते पुन्हा सुरू होते. हे कसब कोणत्याही पदवीपेक्षा कमी आहे असे मला वाटत नाही.

परंतु दुरुस्ती वेगळी आणि रंगरंगोटी वेगळी! माझे वडील दुसऱ्यांच्या बागांत गवत काढायला जातात. त्यांनी एकदा घेतलेले जुने यंत्र नवरीसारखे नटलेले होते. ऐन हंगामात आठव्या दिवशी ते बंद पडले. सायलेन्सर काढून पाहिले तर पिस्टनवर उभे ओरखडे. बागायतदाराचे यंत्र बिघडले तर त्याची गैरसोय होते. मजुराचे बिघडले तर त्याचा रोज बुडतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. ती पायरी अशाच रोजावर उभी आहे.

कुणी म्हणेल, खरे सांगत बसले तर धंदा चालेल कसा? अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन याचे उलट उत्तर दिले आहे. चांगला माल कोणता हे गिऱ्हाइकाला कळत नसेल तर तो सगळ्याच मालाला कमी भाव देतो. मग ज्याचा माल चांगला, तोच बाजारातून उठतो. म्हणजे लबाडी प्रथम प्रामाणिक मेकॅनिकचेच पोट मारते.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. काय बदलले, काय जुनेच आहे आणि किती दिवस जबाबदारी घेणार, हे विकणाऱ्याने कागदावर लिहून द्यावे. पात्याचे कव्हर आणि बंद करायचे बटण ठीक असल्याशिवाय यंत्र विकूच नये. उडालेला एक खडा डोळा घेऊ शकतो. गिऱ्हाइकानेही थंड इंजिन स्वतः सुरू करून पाहावे. कंपन्यांनी सुटे भाग आणि मराठीतून माहिती द्यावी. ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी केंद्र सरकारने २०२२ साली नेमलेल्या समितीच्या कामात शेतीची अवजारेही होती, तो हक्क आमच्या गावच्या टपरीपर्यंत पोचला पाहिजे.

आणि आपण विद्यार्थ्यांनी? ज्या मेकॅनिकला लिहिण्याची सवय नाही, त्याला असा कागद तयार करून देणे आपल्याला नक्कीच जमेल. शिक्षणाचा एवढा तरी उपयोग गावाला होऊ द्या!

(द्वितीय वर्ष कला)