हप्ता बांधण्यापूर्वी व्याज थांबवा



स्मरणिकेचे पहिले पान हे बहुधा आनंदाचे आणि अभिमानाचे पान असते. वर्षभरातील कार्यक्रमांचा वृत्तांत, मुलामुलींच्या यशाच्या वार्ता आणि मान्यवरांचे लेख पुढील पानांवर आहेतच. यंदा या पानावर आम्ही एक असा विषय मांडीत आहोत, ज्याविषयी आपण एकमेकांच्या घरी चहा घेतानाही बोलत नाही. तो विषय म्हणजे कर्ज. त्याहून नेमके सांगायचे तर, कर्ज फेडण्याचा प्रामाणिक प्रयत्न चालू असतानाही मागे न हटणारे व्याज.

आपल्यातीलच एका कुटुंबाची कागदपत्रे आमच्या पाहण्यात आली. घरच्या कर्त्या माणसाची नोकरी गेली, दुसरी मिळाली ती कमी पगाराची. अंगावर वीस हजार रियालचे कर्ज होते. तोंड चुकविण्याऐवजी हा गृहस्थ स्वतः धनकोकडे गेला, आपली अडचण सांगितली आणि दरमहा पाचशे रियाल भरण्याचे ठरवून आला. दोन वर्षे त्याने एकही हप्ता चुकविला नाही. बारा हजार भरून झाले, आता आठ हजार उरले, अशा समजुतीने त्याने हिशेब मागविला. कागदावर बाकी होती १६,९५८ रियाल! दोन वर्षांच्या काटकसरीतून मुद्दल फिटले होते अवघे ३,०४२ रियाल. उरलेले ८,९५८ व्याजाने गिळले होते. त्या माउलीने आम्हाला विचारले, "दादा, आम्ही मग दोन वर्षे फेडले तरी काय?"

या प्रश्नाचे उत्तर साध्या अंकगणितात आहे. दरमहा शेकडा दोन या दराने वीस हजारांवर पहिल्याच महिन्याचे व्याज चारशे रियाल होते. पाचशेच्या हप्त्यातील मुद्दलाच्या वाट्याला येतात शंभर. या गतीने कर्ज फिटण्यास ८२ महिने, म्हणजे जवळजवळ सात वर्षे लागतील आणि सुमारे ४०,६०० रियाल भरावे लागतील. हप्ता चारशेचा ठरला असता, तर जन्मभर भरूनही मुद्दलाचा एक रियाल कमी झाला नसता. याउलट हप्ता ठरविण्याच्या दिवशीच व्याज गोठविले गेले असते, तर हेच पाचशे रियाल भरून चाळीस महिन्यांत कुटुंब ऋणमुक्त झाले असते. व्याज पूर्ण न थांबता शेकडा एकवर आले असते, तरी ५२ महिन्यांत सुटका होती. हप्ता तोच, घाम तोच. फरक पडला तो न विचारलेल्या एका प्रश्नाने. हप्ता किती, हे त्या गृहस्थाने विचारले. व्याजाचे काय, हे विचारले नाही.

बंधू-भगिनींनो, ही फसगत नवी नाही. आपल्या महाराष्ट्राच्या मातीत तिचा इतिहास लिहिलेला आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि कर्जखते हस्तगत करून जाळली. हा वणवा पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील गावोगावी पसरला. रोष एवढा कागदांवरच का? कारण त्या कागदांतच सारी युक्ती होती. मुदत संपली की सावकार थकलेले व्याज मुद्दलात मिळवी आणि त्या वाढलेल्या रकमेचे नवे खत लिहून घेई. कुणब्याला वाटे, मुदत वाढवून मिळाली. प्रत्यक्षात व्याजाचेच मुद्दल झालेले असे आणि त्यावर पुन्हा व्याज चढू लागे.

या उठावाच्या चौकशीनंतर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्यता कायदा झाला. त्याने न्यायालयाला खतावरील आकडा मुकाट्याने न मानता व्यवहाराच्या प्रारंभापासून हिशेब तपासण्याचा अधिकार दिला. मुद्दलाचे खाते वेगळे आणि व्याजाचे वेगळे मांडावे, नवे खत करताना मुद्दलात मिसळलेले जुने व्याज सामान्यतः मुद्दल म्हणून धरू नये, असा दंडक त्यात होता. ऋणकोची ऐपत पाहून हप्ते बांधून देण्याची सोयही होती. एकाच वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करू नये, हा दामदुपटीचा जुना नियम मुंबई इलाख्यात मान्य होताच. पुढे १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यानेही न्यायालयांना ती मर्यादा घालून दिली.

परंतु हेही विसरता कामा नये की, १८७९ चा कायदा शेतकऱ्यासाठी होता. ज्याच्या नावावर वीतभर जमीन नव्हती, त्याला गहाण ठेवावयास स्वतःच्या देहाखेरीज होते काय? उचल घेऊन सालगडी म्हणून राबणाऱ्या माणसाचे व्याज त्याच्या श्रमातून वसूल होई आणि मुद्दल जागच्या जागी राही. अशा कर्जापोटी माणसाला बांधून ठेवणारी वेठबिगारी नष्ट करणारा आणि ते कर्जच रद्द ठरविणारा कायदा येण्यास १९७६ साल उजाडावे लागले. गाव सोडून मुंबईच्या गिरण्यांत आलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांच्या मागेही व्याज लागलेच. दरमहा रुपयामागे एक आणा हा तेथील सर्रास दर होता. वर्षाला तो शेकडा पंच्याहत्तर पडे. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दाराशी काठी घेऊन उभा असलेला पठाण आपल्यातील अनेक वडीलधाऱ्यांनी पाहिलेला किंवा ऐकलेला आहे.

आज आपण दोह्यात आहोत. पठाण दारात उभा नाही. त्याच्या जागी दूरध्वनी आणि नोटीस आली आहे. म्हणून येथील परिस्थिती नीट समजून घेतली पाहिजे. कतारच्या २००४ च्या १४ क्रमांकाच्या कामगार कायद्यानुसार मालकाने कामगाराला दिलेल्या उसनवारीवर व्याज घेता येत नाही आणि तिच्या फेडीसाठी वेतनाच्या शेकडा दहाहून अधिक कपात करता येत नाही. (घरकामगारांसाठी २०१७ चा वेगळा कायदा आहे.) बँकांच्या बाबतीत, कतार सेंट्रल बँकेने २०११ साली वैयक्तिक कर्जांवर निर्बंध घातले, परदेशी नोकरदारासाठी चार लक्ष रियाल आणि चार वर्षे अशी कमाल मर्यादा तेव्हा ठरविण्यात आली. कर्जाची मुदत वाढवून मागताना असे नियम आड येऊ शकतात, म्हणून बँकेत जाण्यापूर्वी चालू नियमांची चौकशी करावी.

सर्वांत मोठी सावधगिरी धनादेशाविषयी हवी. पुरेशी शिल्लक नसताना दिलेला धनादेश हा कतारमध्ये केवळ दिवाणी वाद नसून २००४ च्या दंडसंहितेनुसार गुन्हा आहे. २०१८ च्या कायद्याने बहुतेक कामगारांची देशाबाहेर जाण्याच्या परवान्यातून सुटका केली आणि २०२० साली घरकामगारांनाही ही मुभा मिळाली. तथापि न्यायालयाने घातलेली प्रवासबंदी ही निराळी बाब आहे आणि थकलेल्या कर्जापायी ती ओढवू शकते. आईच्या अंत्यदर्शनासाठी निघालेल्या माणसाला विमानतळावर हे प्रथमच कळावे, यासारखे दुर्दैव नाही. म्हणून नव्याने हप्ते ठरविताना पूर्वी दिलेल्या तारण-धनादेशाचे काय होणार, हे लेखी ठरवून घेणे अत्यावश्यक आहे.

मायदेशातील कर्जाचीही हीच कथा. सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२१ रोजी दिलेला निर्णय या बाबतीत बोधप्रद आहे. महामारीच्या काळात १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत हप्ते पुढे ढकलण्याची सवलत होती. त्या काळाचे व्याज सर्वस्वी माफ करण्यास न्यायालयाने नकार दिला. मात्र त्या मुदतीसाठी व्याजावर व्याज किंवा दंडव्याज घेता येणार नाही, असे बजावले. रिझर्व्ह बँकेनेही ऑगस्ट २०२३ मध्ये आदेश काढला की, हप्ता चुकल्याचा दंड व्याजदरात मिसळू नये आणि त्या दंडावर पुन्हा व्याज आकारू नये. नव्या कर्जांना तो १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. क्रेडिट कार्डे मात्र त्यातून वगळलेली आहेत. गावाकडील खासगी सावकारीसाठी महाराष्ट्रात २०१४ चा कायदा आहे. विनापरवाना सावकारी हा गुन्हा असून सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते. १८७९ सालचे तत्त्व आणि आजचे तत्त्व एकच आहे: मुद्दल आणि त्याचे रास्त व्याज हे धनकोचे, व्याजाचे मुद्दल करण्यास मर्यादा हवी.

येथे एक गोष्ट स्वच्छपणे सांगितली पाहिजे. कर्ज बुडवा, असे आम्ही सांगत नाही. घेतलेले परत करणे हे शीलाचे अंग आहे. तसेच, अडचणीत आलेल्या ऋणकोचे व्याज गोठवावेच, अशी सक्ती धनकोवर सहसा नसते. तो नकार देऊ शकतो. पण विनंती करणे आपल्या हाती आहे, आणि अनेकदा ती मान्य होते, कारण खटल्यापेक्षा दरमहा निश्चित येणारी रक्कम धनकोलाही परवडते. मात्र ती मागावी लागते, आणि लेखी मागावी लागते.

म्हणून सही करण्यापूर्वी पाच गोष्टी कराव्यात. पहिली, मुद्दल किती, व्याज किती आणि दंड किती, असा वेगवेगळा हिशेब मागवावा. दुसरी, घरखर्च आणि मुलांची फी वजा जाता खरोखर किती उरते ते मांडून तेवढाच हप्ता कबूल करावा. संकोचाने कबूल केलेला मोठा हप्ता तिसऱ्या महिन्यात चुकतो. तिसरी, धनको अनेक असतील तर प्रत्येकाला त्याच्या येण्याच्या प्रमाणात वाटा द्यावा आणि तसे सर्वांना कळवावे. जो अधिक ओरडतो त्याला अधिक देऊ नये. चौथी, हप्ते चालू असेपर्यंत व्याज व दंड थांबवावा, निदान कमी करावा, अशी विनंती करून उत्तर लेखी घ्यावे. नकार आल्यास तीन महिन्यांच्या पावत्यांसह पुन्हा लिहावे. पाचवी, जुने व्याज मिसळून तयार केलेल्या नव्या कर्जाच्या कागदावर हिशेब समजल्याविना सही करू नये. सुप्याच्या शेतकऱ्याला अक्षर येत नव्हते म्हणून त्याचा अंगठा घेतला गेला. आपण तर पदवीधर आहोत. न वाचता केलेली आपली सही त्या अंगठ्याहून वेगळी कशी?

आता शेवटचा आणि सर्वांत अवघड मुद्दा, तो लाजेचा. कर्ज झाले म्हणून आपली माणसे कार्यक्रमांना येणे सोडतात, दूरध्वनी घेत नाहीत आणि एक कर्ज फेडण्यासाठी त्याहून महाग दुसरे काढतात. १९२० साली परमपूज्य बाबासाहेब अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा त्यांनी आपले मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये उसने घेतले होते. ज्याला बाबासाहेबांनी लाजिरवाणे मानले नाही, त्याची आपण लाज का बाळगावी? भगवान बुद्धांनीही कर्जाकडे डोळसपणे पाहिले. अंगुत्तर निकायातील इण सुत्तात त्यांनी दारिद्र्यातून ऋण, ऋणातून व्याज, व्याजातून तगादा, तगाद्यातून पाठलाग आणि अखेरीस बंधन अशी दुःखाची साखळी दाखविली आहे. त्या साखळीत व्याजाला स्वतंत्र कडी मानले आहे, हे ध्यानात घ्यावे. अनाथपिंडिकाला सांगितलेल्या गृहस्थाच्या चार सुखांत ऋणमुक्तीचे सुखही आहे. कारण ओळखले की निवारणाचा मार्ग दिसतो, ही तर आपली शिकवणच आहे.

म्हणून आमची मंडळाला सूचना आहे की, हिशेबाची जाण असलेल्या दोन-तीन उपासक-उपासिकांनी महिन्यातून एकदा, शुक्रवारच्या वंदनेनंतर तासभर बसावे. ज्याला अडचण असेल त्याने कागद घेऊन यावे; हिशेब मांडून द्यावा, पत्राचा मसुदा लिहून द्यावा, आणि तेथील शब्द तेथेच राहावा. यास निधी लागत नाही. एक टेबल, एक गणकयंत्र आणि तोंड बंद ठेवण्याची शिस्त एवढे पुरे.

ज्या कुटुंबाची हकीकत वर दिली, त्यांनी यंदा धनकोला पत्र लिहिले. दोन वर्षांच्या चोवीस पावत्या सोबत जोडल्या. दुसऱ्या पत्रानंतर उत्तर आले आणि उरलेल्या रकमेवरील व्याज थांबले. आता पाचशेच्या हप्त्याने चौतीस महिने उरले आहेत. त्या भगिनीने ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मोजून ठेवले आहेत. या वर्षी जयंतीच्या कार्यक्रमाला ते सारे कुटुंब पुढच्या रांगेत बसले होते.

भवतु सब्ब मंगलं! जयभीम!

— संपादक