घरानें मिळून खेळावा असा खेळ

दिवाळीच्या सुटींत आमच्या गंगाखेडच्या घरांतून माणसें पुन्हां एकत्र येतात. कोणी पुण्याहून येतो, कोणी हैदराबादेहून. लेकी माहेरीं येतात. नातवंडांनीं माडी भरून जाते. परंतु माणसें जमलीं म्हणजे घर जमलें असें आतां म्हणतां येत नाहीं. जेवणें आटोपलीं कीं ज्याचा त्याचा मोबाईल ज्याच्या त्याच्या हातांत, आणि दहा माणसें दहा कोपऱ्यांत. अशा वेळीं तरुण मंडळीच जर आपण होऊन म्हणूं लागली कीं, संगणकावरचा एकादा जुना साहसखेळ घेऊं या आणि सर्वांनीं मिळून तो शेवटपर्यंत खेळूं या, तर वडील माणसांनीं ही सूचना हंसण्यावारी नेऊं नये असें आम्हांस वाटतें. मात्र निवड विचारपूर्वक झाली पाहिजे. ती फसली तर तिसऱ्या दिवशीं पडद्यापुढें दोन मुलगे तेवढे उरतात, बाकीचें घर आपापल्या कोपऱ्यांत परत जातें, आणि वर्षांतून एकदां लाभणारे आठ दिवस हातचे निघून जातात.

साहसखेळ म्हणजे काय, हें प्रथम सांगितलें पाहिजे. यांत बंदुका झाडणें किंवा गाड्या पळविणें नसतें. खेळणारा एका अनोळखी स्थळीं येऊन पडतो. भोंवतीं पाहतो, वस्तु उचलतो, कुलपें उघडतो, कोडीं सोडवितो, आणि असें करतां करतां एक कथा उलगडत जाते. चातुर्मासांत एकानें पोथी वाचावी आणि इतरांनीं ऐकतां ऐकतां शंका काढाव्या, ही रीत ज्या घरांनीं पाहिली आहे त्यांना हा प्रकार परका वाटूं नये.

आमच्याकडे खेळाला प्रवासाचें रूप देण्याची कल्पना जुनीच आहे. गंगाखेड हें संत जनाबाईंचें गांव. त्यांच्याच काळांतील ज्ञानेश्वर महाराजांनीं मोक्षपट नांवाचा खेळ रचला, अशी परंपरा महाराष्ट्रांत सांगतात. सद्गुणांच्या शिड्यांनीं वर चढावें, दुर्गुणांच्या सर्पांनीं खालीं यावें, आणि शेवटीं मोक्षपदाला पोहोंचावें, असा तो पट. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत हा खेळ इंग्लंडांत छापून विकला जाऊं लागला. पुढें त्यावरचीं गुणावगुणांचीं नांवें हळूहळू पुसलीं गेलीं, आणि तोच आमच्या मुलांच्या हातीं नुसती सापशिडी म्हणून परत आला. मोक्षपटांत आणि साहसखेळांत एक भेद मात्र मोठा आहे. पटावर कवड्या पडतील तसें चालावें लागतें. साहसखेळांत विवेक सांगेल तसें चालावें लागतें. म्हणूनच तो अनेकांनीं मिळून खेळण्यासारखा आहे.

या जातीच्या खेळांचा मूळपुरुष एका बापानें आपल्या मुलींसाठीं निर्माण केला, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. अमेरिकेंतील विल क्राउदर हे संगणकाचे जाणकार आणि गुहा धुंडाळण्याचे शोकी. केंटकी प्रांतांतील मॅमथ नांवाच्या अफाट गुहेचे नकाशे काढण्यांत त्यांनीं व त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया यांनीं पुष्कळ श्रम घेतले होते. पुढें उभयतांचा घटस्फोट झाला. मुली भेटावयास येत तेव्हां त्यांना रमविण्यासाठीं क्राउदर यांनीं १९७६ च्या सुमारास त्या गुहेवरच एक शब्दमय खेळ रचला. १९७७ सालीं डॉन वुड्स यांनीं त्यांत भर घातली. त्यांत चित्र एकही नव्हतें. संगणकानें जागेचें वर्णन करावें आणि खेळणाऱ्यानें दोन शब्दांत आज्ञा लिहावी, एवढाच व्यवहार. मोडलेल्या घरांतील मुलींना बापाशीं जोडून ठेवण्यासाठीं जो प्रकार जन्मास आला, तो धडधाकट घरांतील माणसांना एकत्र बसविण्यास कां उपयोगीं पडूं नये?

आतां निवडीकडे वळूं. आमच्या मतें चार कसोट्या लावाव्या.

पहिली कसोटी ही कीं, खेळानें घाई करूं नये. आजीनें चष्मा पुसून पडद्याकडे पाहीपर्यंत जो थांबत नाहीं, तो खेळ घराचा नव्हे. शेगडीवरचें दूध पाहून परत येईपर्यंत तो जेथल्या तेथें उभा राहिला पाहिजे.

दुसरी कसोटी अशी कीं, नकळत केलेल्या चुकीचा दंड खेळ निकामी होण्यानें भरावा लागूं नये. रॉबर्टा विल्यम्स यांची ‘किंग्ज क्वेस्ट’ ही मालिका १९८४ सालीं सुरू झाली. परीकथांच्या वळणाची ती रचना मुलांना रुचण्यासारखी खरी. परंतु तिच्या पांचव्या भागांत (१९९०) हातीं आलेला एक गोड पदार्थ भूक लागली म्हणून खाऊन टाकला, तर पुढें हिमप्रदेशांतील राक्षसापुढें टाकावयास कांहीं उरत नाहीं, आणि खेळ तेथेंच खुंटतो. चार संध्याकाळींची मेहनत ज्या लहानग्याच्या एका बोटानें वायां गेली, त्याला घर बोल लावल्याखेरीज राहत नाहीं. आठ वर्षांच्या मुलाला अपराधी ठरविणारा खेळ आम्हीं घरांत आणणार नाहीं.

तिसरी कसोटी भाषेची. हे खेळ इंग्रजींत आहेत, आणि घरांतील प्रत्येकास इंग्रजी येतें असें नाहीं. ‘झॉर्क’ हा मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेंत १९७७ सालीं आरंभिलेला खेळ बुद्धीला उत्तम खाद्य देतो; पण तो अथपासून इतिपर्यंत इंग्रजी वाक्यांचाच बनलेला, त्यामुळें भाषांतर करणारा थकतो आणि ऐकणारा कंटाळतो. रॉन गिल्बर्ट यांचा ‘मंकी आयलंड’ (१९९०) दुसऱ्या कसोटीला उतरतो, कारण खेळणाऱ्याची कोंडी करूं नये हें तत्त्व त्यांनीं हेतुपूर्वक पाळलें. परंतु त्याचा जीव विनोदांत, आणि विनोद शब्दश्लेषांत. दुसऱ्या भागांत (१९९१) तर एक कोडें असें आहे कीं, पान्याला अमेरिकेंत माकडाच्या नांवानें ओळखतात हें ठाऊक नसेल तर तें सुटावयाचें नाहीं. प्रत्यक्ष इंग्लंडांतील लोकही तेथें अडतात, मग आमची काय कथा! श्लेष समजावून सांगूं लागलें कीं हंसें येत नाहीं, जांभई येते.

चौथी कसोटी सर्वांत महत्त्वाची. खेळांत घरांतील निरनिराळ्या माणसांच्या निरनिराळ्या विद्येला काम असलें पाहिजे.

या चारही कसोट्यांना उतरतो तो ‘मिस्ट’. रँड आणि रॉबिन मिलर या दोघां भावांनीं तो १९९३ सालीं प्रसिद्ध केला. जूल व्हर्नच्या गूढ बेटावरील कादंबरीपासून त्याचें नांव सुचलें. तोच व्हर्न, ज्याला भा. रा. भागवतांनीं आमच्या मुलांसाठीं मराठींत आणलें. सुमारें अडीच हजार स्थिर चित्रांतून उभें केलेलें तें निर्मनुष्य बेट इतकें लोकप्रिय झालें कीं, घरगुती संगणकांवरील खेळांत खपाचा उच्चांक २००२ पर्यंत त्याच्याच नांवावर होता. त्यांत मृत्यु नाहीं, घड्याळाचा धाक नाहीं, वस्तूंचें ओझें नाहीं. वाचावयाचा मजकूर म्हणजे बेटावरील ग्रंथालयांतल्या कांहीं हस्तलिखित वह्या. एकानें त्या सावकाश वाचाव्या व मराठींत अर्थ सांगावा; एक-दोन संध्याकाळींत त्या होतात.

कोणास काय काम, तेंही पहा. तेथें एक तारामंडल आहे. दिलेल्या तिथि-वेळेला आकाशांत तारे कसे दिसले हें पाहून आकृति ओळखावी लागते. पंचांग घेऊन बसणाऱ्या आजोबांना दुसरें काय हवें? एका ठिकाणीं पेटीसारख्या वाद्याचे सूर कानांत सांठवून ते दुसरीकडे अचूक जुळवावे लागतात; तरुण पोरें येथें हमखास अडखळतात, आणि लहानपणीं पेटी शिकलेली काकू स्वयंपाकघरांतून हांक मारून बोलवावी लागते. एका प्रदेशांत पवनचक्कीनें उपसलेलें पाणी नळांतून वळवावयाचें, कोठली चावी उघडी व कोठली बंद ठेवावी याचा हिशेब करावयाचा. शेतांत पाइपलाईन सांभाळणाऱ्या काकांपुढें तेथें इंजिनियर पुतण्याचीही मात्रा चालणार नाहीं. टिपणें घेण्यास नीटनेटक्या अक्षराची मुलगी, आणि भिंतीवरची बारीक खूण हेरण्यास घरांतलें सर्वांत धाकटें पोर.

परंतु ‘मिस्ट’ निवडण्याचें आमचें खरें कारण त्याच्या कथेंत आहे. ग्रंथालयांत एक लाल व एक निळें अशीं दोन पुस्तकें आहेत, आणि प्रत्येकांत एक भाऊ अडकलेला आहे. दोघेही सख्खे. प्रत्येकजण म्हणतो, अपराधी तो दुसरा आहे. माझीं हरवलेलीं पानें आणून दे आणि मला सोडव. पानें मिळत जातात तसतसा त्यांचा आवाज स्पष्ट होत जातो. कोणावर विश्वास ठेवावा? गोड बोलण्यावर जावें, कीं त्यांच्या खोल्यांतून मागें राहिलेल्या वस्तूंवरून परीक्षा करावी? आणि ज्यानें तिसऱ्याच्या कानाशीं लागून भावाची निंदा करावी, त्याला कितपत खरें मानावें? एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसाला हे प्रश्न बेटावरचे वाटणार नाहींत. वाटणीच्या गोष्टी, अबोला, दोन्ही बाजूंनीं येणारीं गाऱ्हाणीं हें सारें मुलें दाराआडून ऐकत असतात; त्यावर मोकळेपणानें बोलण्याची सोय मात्र घरांत कोठेंच नसते. परक्या दोन भावांच्या निमित्तानें ती होते. पुरावा पाहिल्याशिवाय पक्ष घेऊं नये, हें आजोबांनीं उपदेशानें सांगितलें तर पोरें ऐकणार नाहींत; खेळांत तीं आपणच तें आजोबांना सांगूं लागतील.

खेळण्याची रीत थोडक्यांत सांगतों. लॅपटॉप टीव्हीच्या मोठ्या पडद्याला जोडून माजघरांत ठेवावा. रोज दीड तास, त्याहून अधिक नाहीं. माऊस रोज निराळ्या हातांत असावा, आणि ज्याच्या हातांत माऊस त्यानें त्या दिवशीं केवळ आज्ञा पाळावी. मत देतांना धाकट्यानें प्रथम बोलावें, वडिलांनीं शेवटीं. वडील आधीं बोलले कीं इतरांचीं मतें तोंडांतच राहतात, हें शाळामास्तरकींत आम्हीं पुष्कळ पाहिलें आहे. उत्तरें इंटरनेटवर शोधूं नयेत. दोन संध्याकाळी एकाच जागीं गेल्या तर न खेळणाऱ्या एकाद्यानें उत्तर पाहून फक्त खूण सांगावी. कोणीं हा खेळ पूर्वीं खेळलेला असेल तर २०२१ ची नवी आवृत्ति घ्यावी; तींत कोड्यांचीं उत्तरें बदलून घेण्याची सोय आहे.

आणखी एक अट, आणि ती आम्हांस सर्वांत निकराची वाटते. खेळ सुरू होण्यापूर्वीं भांडीं घासून, ओटा पुसून व्हावा, आणि त्या कामास पुरुषांनींही हात लावावा. ज्या घरांत सुनेला खेळाचा गलबला फक्त भिंतीपलीकडून ऐकूं येतो, तें घर मिळून खेळलें असें म्हणतां येणार नाहीं.

पडद्याची संवय मुळांतच वाईट, मग ती घरानें मिळून कां लावून घ्यावी, असें कांहीं वाचक विचारतील. संवय तर लागून चुकली आहे. दहा पडद्यांच्या ठिकाणीं दीड तास एकच पडदा झाला, आणि त्यापुढें दहा माणसें भांडत-हंसत बसलीं, तर आमच्या हिशेबीं तो तोटा नव्हे.

ज्या घरीं हा प्रयोग होईल त्यांनीं आपला अनुभव आम्हांस अवश्य कळवावा. दोघां भावांत खरा कोण, हें मात्र पत्रांत लिहूं नये. आमच्या शेजारच्या घरीं खेळ अजून चालूं असेल.