बुद्धिबळांतील श्रेष्ठ मोहरें कोणतें?

भ्रमणध्वनीच्या पडद्यावर ज्या काल्पनिक युद्धकथा मुलें हल्लीं खेळतात, त्यांत खेळाडूस आपल्या पदरीं कांहीं वीर बाळगावे लागतात. कोणी खड्गधारी, कोणी धनुर्धर, कोणी मांत्रिक, तर कोणी जखमा बऱ्या करणारा वैद्य. यांत श्रेष्ठ कोण व कनिष्ठ कोण, मोहिमेवर कोणास न्यावें व कोणास तळावर ठेवावें, याची प्रतवारी करण्यांत आमचे विद्यार्थी मधली सुटी संपली तरी रंगलेले असतात. वडील मंडळींस हा वाद निरर्थक वाटतो. आम्हांस तो तसा वाटत नाहीं. कोणाचें मोल कशावरून ठरवावें हा प्रश्न त्या वादाच्या मुळाशीं आहे, आणि तो प्रश्न खेळापुरता राहत नाहीं.

मात्र या वादाचें जुनें व अधिक कसदार रूप आपल्या घरांतच आहे, तें म्हणजे बुद्धिबळ. चौसष्ट घरांचा पट, दोहों बाजूंस सोळा सोळा मोहरीं आणि प्रत्येकाची चाल निराळी. आपल्या देशांत या खेळास 'चतुरंग' म्हणत, कारण हत्ती, घोडा, रथ व पायदळ हीं सेनेचीं चार अंगें त्यांत होतीं. इराणांत जाऊन त्याचें 'शतरंज' झालें. आमच्या मराठी पटावर रथ राहिला नाहीं. कोपऱ्यांत हत्ती उभा राहिला व वजिराशेजारीं उंट आला. बंगाल्यांत आजहि आपल्या हत्तीस नौका व आपल्या उंटास गज म्हणतात. शह, काटशह, मात हे शब्द तर आपण रोजच्या बोलण्यांत वापरतों. एखाद्यास 'अर्दबांत धरलें' असें म्हणतांना तो शब्दहि याच पटावरून उचललेला आहे, याची पुष्कळांस जाणीव नसते.

मोहऱ्यांची रूढ प्रतवारी सर्वांस ठाऊक आहे. प्याद्याची किंमत १ धरली तर घोड्याची व उंटाची प्रत्येकीं ३, हत्तीची ५ व वजिराची ९. राजा मेला तर डावच संपतो, म्हणून त्याची किंमत कोणी करीत नाहीं. हीं मापें अनुभवानें ठरलेलीं आहेत, आणि मोहऱ्यास मोहरें देतांना त्यांचा चांगला उपयोग होतो. पण नवशिका विद्यार्थी हाच आंकडा मोहऱ्याची कायमची लायकी समजतो, आणि येथेंच आमचा मतभेद सुरू होतो.

वजिरास पहिलें स्थान देण्यास आमची हरकत नाहीं. मोकळ्या पटाच्या मध्यावर उभा असतां तो २७ घरांवर मारा करतो. कडेस गेला तरी २१ घरें त्याच्या हुकमतींत राहतात. परंतु हें सामर्थ्य त्यास जन्मतः लाभलेलें नाहीं. जुन्या शतरंजांत वजीर तिरपें एकच घर सरके, आणि पटावरील अगदीं दुर्बल मोहऱ्यांत त्याची गणना होई. सुमारें १४७५ ते १५०० या काळांत युरोपांत नियम बदलले. तेथें ज्यास राणी म्हणत त्या या मोहऱ्यास आजची लांब चाल मिळाली. म्हणजे लांकूड तेंच, पण नियम पालटतांच शेवटच्या रांगेंतला पहिल्या रांगेंत आला. प्रतवारी करणाऱ्यानें ही गोष्ट मनांत धरून ठेवावी.

हत्तीविषयीं आमचें मत असें कीं, त्याच्या सरळपणामुळें लोक त्याची योग्यता थोडी कमी समजतात. मोकळ्या पटावर तो कोपऱ्यांत असो वा मध्यावर असो, त्यास १४ घरें मिळतातच. जागा बदलली म्हणून ज्याचें बळ घटत नाहीं असें त्याच्याखेरीज दुसरें मोठें मोहरें नाहीं. एकट्या राजाच्या साह्यानें तो शत्रूच्या राजास मात देऊं शकतो, आणि दोन हत्तींची जोडी बहुतेक वेळां एका वजिराहून भारी पडते. त्याचा दोष एवढाच कीं, डावाच्या आरंभीं तो कोपऱ्यांत कोंडलेला असतो. वाट मोकळी होईपर्यंत त्याची किंमत कागदावरच राहते.

घोडा व उंट यांची बरोबरी हा तर कायमचा वाद. घोडा अडीच घरें चालतो व मध्यें कोण उभें आहे हें पाहत नाहीं. इतरांच्या डोक्यावरून उडी मारण्याचा अधिकार त्या एकट्यासच आहे. तो मध्यावर असला तर ८ घरांवर नजर ठेवतो, कोपऱ्यांत असला तर अवघ्या २ घरांवर. उंट मध्यावरून १३ व कडेवरून ७ घरें पाहतो. पण ज्या रंगाच्या घरावर तो उभा राहिला त्या रंगाचीं ३२ घरेंच त्याच्या नशिबीं असतात, उरलेल्या ३२ घरांस त्याचा पाय जन्मांत लागत नाहीं. आमचा निर्णय दुहेरी आहे. एकास एक तोलावयाचें असेल, आणि खेळणारा शाळकरी असेल, तर आम्ही घोड्यास वर ठेवूं. कारण प्याद्यांनीं पट भरलेला असतां वाट काढणारा तोच. परंतु जोडीस जोडी तोलावयाची असेल तर उंटांची जोडी श्रेष्ठ. दोन उंट व राजा मिळून एकट्या राजास हमखास मात देतात. दोन घोड्यांस, प्रतिपक्षानें चूक केल्यावांचून, ती देतां येत नाहीं. एकटा उंट अर्धा पट पाहतो व त्याचा जोडीदार उरलेला अर्धा. दोघांचे दोष निराळे असले म्हणजे संगतीनें ते भरून निघतात, एवढें यांतून विद्यार्थ्यांनीं घ्यावें.

आतां प्यादें. रूढ यादींत त्याचें स्थान शेवटचें. आम्ही त्यास वजिराच्या खालोखाल, दुसऱ्या स्थानीं बसवितों. यावर कोणी म्हणेल कीं, एका हत्तीसमोर एका प्याद्याची काय कथा? आक्षेप खरा आहे. पण प्यादें कधीं एकटें लढावयास येत नाहीं. आठांची रांग उभी असते, आणि त्या रांगेची किंमत ८, म्हणजे हत्तीहून अधिक व वजिराहून केवळ एकानें कमी. शिवाय ज्या घोड्यास प्याद्याचा जोर आहे, त्यास शत्रूचा वजीर सहसा हात लावीत नाहीं, कारण तीनाच्या मोबदल्यांत नऊ गमवावे लागतील. बलाढ्यानें बलाढ्यास भ्यावें यांत नवल नाहीं. वजिरास मागें फिरावयास लावतें तें प्यादें. फ्रान्समधील प्रसिद्ध खेळाडू फिलिदोर यानें १७४९ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत प्याद्यांसच खेळाचा प्राण मानलें, तें उगीच नव्हे. प्यादें मागें फिरत नाहीं, म्हणून त्याची प्रत्येक चाल विचारानेंच करावी लागते. आणि पटावरील सर्व मोहऱ्यांत शेवटच्या घरीं पोहोंचून दुसरें कांहीं होण्याची सोय त्यासच आहे.

या शेवटच्या गोष्टीसंबंधीं आपल्या देशी खेळाचा एक जुना नियम पालकांनीं अवश्य ध्यानांत घ्यावा. स्थळपरत्वें थोडाफार फरक असे, पण सामान्य रीत अशी होती कीं, प्यादें ज्या घरीं पोहोंचे त्या घरच्या मोहऱ्याचें रूप त्यास मिळे. हत्तीच्या घरीं पोहोंचलें तर हत्ती, घोड्याच्या घरीं पोहोंचलें तर घोडा. म्हणजे बहुधा ज्या रांगेंत तें उभें केलें गेलें, त्या रांगेवरच त्याचें भवितव्य ठरे. सध्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत हें बंधन नाहीं. कोणत्याहि रांगेंतून गेलेलें प्यादें वजीर होऊं शकतें, किंवा हत्ती, उंट, घोडा यांपैकीं जें हवें तें होऊं शकतें.

देशी नियमांवर वाढलेला एक खेळाडू किती उंच जाऊं शकतो, याचें उदाहरण मीर सुलतान खान यांचें आहे. पंजाबांतील हा गृहस्थ सर उमर हयात खान यांच्या पदरीं नोकर होता. परदेशी नियम त्यानें मागाहून शिकले. असें असतां १९२९, १९३२ व १९३३ या तीन वर्षीं त्यानें ब्रिटिश अजिंक्यपद मिळविलें, आणि हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेंत माजी जगज्जेता कापाब्लांका यास हरविलें. ग्रँडमास्टर ही सन्माननीय पदवी त्यास मिळाली ती २०२४ सालीं, मृत्यूनंतर पन्नासांहून अधिक वर्षांनीं. त्याच्या घराण्याच्या रांगेवरून त्याची किंमत कोणी केली असती, तर ती काय झाली असती?

आमच्या प्रांतांतहि अशीं उदाहरणें आहेत. १९७४ सालीं स्त्रियांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तिचें विजेतेपद मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनीं मिळविलें; त्यांच्या भगिनी रोहिणी यांनीं १९८१ सालीं आशियाचें अजिंक्यपद जिंकलें. नागपूरच्या दिव्या देशमुख हिनें २०२५ सालीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, बाटुमी येथें स्त्रियांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर पदवीहि मिळविली. हा खेळ मुलींचा नव्हे असें म्हणणारीं माणसें एके काळीं थोडीं नव्हतीं.

आतां आमचें खरें म्हणणें. आमच्या दोन तालुक्यांत सोमेश्वर, माळेगांव व भवानीनगर येथें साखर कारखाने आहेत. गळिताचा हंगाम सुरू झाला कीं, ऊसतोडीसाठीं परजिल्ह्यांतून कुटुंबें येतात, त्यांच्यासोबत मुलें येतात, आणि त्यांतील कित्येकांची शाळा वर्षाच्या मध्यावर तुटते. आमच्या गांवांतल्याहि कित्येक घरीं मुलाच्या प्रगतिपुस्तकांतील क्रमांक पाहून "हा कांहीं पुढें जावयाचा नाहीं" असा निकाल आठव्या इयत्तेंतच दिला जातो. मुलगी असेल तर तो त्याहूनहि आधीं दिला जातो. हा जुन्या पटाचा नियम झाला. ज्या रांगेंत जन्मलास त्या रांगेचेंच मोहरें हो, असें त्यांत सांगितलेलें असतें. पटावरून आम्हीं तो काढून टाकला. घरांतून व शाळेंतून काढला आहे काय, याचा विचार प्रत्येकानें आपल्याशीं करावा. परीक्षेंतील क्रमांकास आम्ही विरोध करीत नाहीं. मोहऱ्यांच्या आंकड्यांप्रमाणें तोहि त्या घटकेचा हिशेब म्हणून उपयोगी आहे. पण प्याद्याची किंमत १ आहे ती तें दुसऱ्या रांगेंत असतांना. तेंच सातव्या रांगेंत पोहोंचलें म्हणजे समोरचा हत्तीहि त्यास अडविण्यांत गुंतून पडतो. एका आंकड्यांत त्याचा सारा प्रवास मावत नाहीं.

राजाविषयीं दोन शब्द लिहावयाचे राहिले. आरंभीं त्यास सर्वांनीं झांकून ठेवावें लागतें. परंतु डाव संपत आला, मोठीं मोहरीं पटावरून गेलीं, म्हणजे हाच राजा स्वतः पुढें होऊन एखाद्या प्याद्याच्या सोबत चालतो व त्यास शेवटच्या घरीं पोहोंचवितो. ज्यास हें चालणें साधलें त्याचा डाव जिंकला जातो, आणि जो कोपऱ्यांत बसून राहिला त्याचा हातचा डाव निसटतो. शिक्षकांनीं व पालकांनीं हें उदाहरण आपल्याकडे लावून घेण्यास हरकत नाहीं.

तेव्हां आमची प्रतवारी अशी: पहिला वजीर, दुसरें प्यादें, तिसरा हत्ती, चौथा घोडा, पांचवा उंट, उंटांची जोडी असेल तर ती घोड्यांच्या जोडीच्या वर, आणि राजा प्रतवारीच्या बाहेर. ती सर्वांस पटेलच असा आमचा आग्रह नाहीं. विद्यार्थ्यांनीं तिच्यावर वाद घालावा, पण घालतांना पट समोर मांडून घालावा. नव्यानें शिकणाऱ्यांस आमची एक सूचना आहे. पहिला महिनाभर दोहों बाजूंस केवळ राजा व आठ प्यादीं मांडून खेळावें. ज्याचें प्यादें प्रथम शेवटच्या घरीं सुखरूप पोहोंचेल तो जिंकला. पालकांपैकीं ज्यांस रविवारीं अर्धा तास सवड असेल, त्यांनीं समोर बसावें. मुलाचें प्यादें पुढें सरकत असतां तें कोठवर जाईल हें पहिल्या चालीवरून सांगतां येतें काय, याचा अनुभव त्यांस तेथेंच येईल.