वाटाड्याची मजुरी

‘फुकट’ या शब्दाला मराठीत कधीच अब्रू लाभली नाही. माणूस फुकट्या म्हणून हिणवला जातो, श्रम फुकट जातात, आणि ‘फुकट ते पौष्टिक’ म्हणणाराही ते हसतच म्हणतो. फारसीकडून आलेला ‘मोफत’ दवाखान्याच्या पाटीवर त्यातल्या त्यात बरा दिसतो. ‘विनामूल्य’ मात्र सभ्य, निमंत्रणपत्रिकेवर छापण्याजोगा. हे तीन शब्द मी दरवर्षी फळ्यावर शेजारी शेजारी लिहिते आणि मुलांना विचारते, अर्थ एक असताना वजन वेगळे का? मुले वहीत उतरवून घेतात. परीक्षेत कुणी विचारणार नाही हे त्यांना ठाऊक असते.

2023 च्या सुट्टीत मी सासूबाईंना घेऊन डेन्व्हरला वन्संकडे गेले होते. सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, माहेर कागलकडचे, जिभेला धार आणि गुडघ्यांना कुरकुर. पण तिथे पोचल्यापासून ती धारच नाहीशी झाली. नातवंडांचे मराठी दोन वाक्यांत आटपे, शेजारीण हसून हात हलवी, आणि दूरचित्रवाणीवर चाललेले काही कळेना. कुठे जाऊ या म्हटले की पहिला प्रश्न, “तिकीट किती?” मग ऐंशी-ब्याऐंशीने गुणाकार, आणि मग गुडघा दुखायला लागे. लेकीच्या घरी राहायचे आणि वर जावईबापूंच्या खिशात हात घालायचा, हे त्यांच्या पिढीला पटत नाही. एक सबंध महिना त्या खिडकीशी बसून होत्या. वन्सं मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाल्या, “वहिनी, आईला इथे आणून मी तिला छळतेय का हो?” मला उत्तर सुचले नाही.

डेन्व्हरपासून मोटारीने दोनेक तासांवर एस्टिस पार्क नावाचे गाव आहे. साडेसात हजार फुटांवर, चहूकडे रॉकी पर्वताचे कडे. त्याला लागूनच 1915 साली स्थापन झालेले रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यान. तिथे सरकारी रेंजर लोकांना रानातून हिंडवून आणतात, पक्षी-झाडे दाखवतात, रात्री आकाशातले तारे ओळखायला लावतात. या फेरीला पैसे पडत नाहीत. उद्यानाच्या दाराशी मोटारीमागे शुल्क असते. ते जावईबापूंच्या वार्षिक पासात भागत होते, आणि ही गोष्ट सासूबाईंना सांगायची नाही असा आम्हा तिघांत ठराव झाला. “आई, फुकट आहे,” एवढेच मी म्हणाले. गुडघा तत्काळ बरा झाला.

मोरेन पार्क नावाच्या विस्तीर्ण कुरणापाशी आम्ही बारा-पंधरा माणसे जमलो. रेंजर तिशीतला, सपाट काठाची टोपी, राखी सदरा, हिरवी विजार. मला वाटले, आता झाडांची लॅटिन नावे सुरू होणार. त्याने ती घेतलीच नाहीत. दूर कुरणात एल्कांचा कळप होता. आपल्या सांबराच्या गोत्रातला, पण चांगला थोराड. 1880 च्या सुमारास शिकाऱ्यांनी या खोऱ्यातला एल्क संपवला होता, आणि आज दिसतात ते 1913-14 साली यलोस्टोनहून आणून सोडलेल्यांचे वंशज, एवढे सांगून तो गप्प बसला नि आम्हालाही गप्प बसवले. मग एका तांबूस, खवल्याखवल्यांच्या सालीच्या पाइनपाशी तो थांबला. याचे नाव पाँडरोसा. जाड सालीमुळे हे झाड जमिनीलगतच्या वणव्यातून निभावते. ऊन चढले होते. तो म्हणाला, सालीच्या भेगेला नाक लावा आणि कशाचा वास येतो ते सांगा.

एक जण म्हणाला व्हॅनिला. दुसरी बाई म्हणाली बटरस्कॉच. तिथे बहुतेकांचे नाक याच दोन खुंट्यांवर अडकते म्हणे. सासूबाई पदर सावरून पुढे झाल्या, डोळे मिटून त्यांनी वास घेतला, आणि महिन्यात पहिल्यांदाच त्यांचा खणखणीत आवाज मी ऐकला. “अगं, हे तर गुऱ्हाळ!”

रेंजरने माझ्याकडे पाहिले. गुऱ्हाळाला इंग्रजीत एक शब्द नाही. एकवीस वर्षे भाषा शिकवणाऱ्या माझी चांगलीच तारांबळ उडाली. पण सासूबाईंना धीर कुठला! उसाचा रस काहिलीत कसा पडतो, मळी कशी काढतात, फेस पिवळा होऊन काकवीचा वास सुटला की पोरे पानाचे द्रोण घेऊन कशी गोळा होतात, हे त्या हातवारे करून सांगत होत्या आणि मी मागून धापा टाकत भाषांतर करीत होते. त्या अमेरिकन मंडळींनी सगळे ऐकून घेतले. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी परत जाऊन साल हुंगली. परतीच्या वाटेवर सासूबाई सबंध वेळ त्या रेंजरच्या बरोबरीने चालत होत्या, मराठीत बोलत.

या पद्धतीची मुळे त्याच गावात आहेत. पूर्वी वाटाड्या म्हणजे शिखरावर नेऊन सुखरूप खाली आणणारा माणूस. 1873 साली इझाबेला बर्ड ही इंग्रज प्रवासिनी तिथल्या लाँग्ज पीकवर चढली ती अशाच एका, जिम न्यूजंट नावाच्या, रांगड्या वाटाड्याच्या जोरावर. पुढे कॅन्ससमधला एक आजारी मुलगा, ईनॉस मिल्स, प्रकृती सुधारावी म्हणून चौदाव्या वर्षी इथे आला. त्या शिखरावर त्याने शेकडो वेळा माणसे नेली, आणि नेता नेता त्याच्या ध्यानात आले की शिखरापेक्षा वाटच मोठी. नावे पाठ करवू नका, कुतूहल जागे करा, हा त्याचा धडा. आपल्या पांथशाळेत त्याने असे निसर्गवाटाडे तयार केले. त्यांतल्या एस्थर आणि एलिझाबेथ बर्नेल या बहिणींना 1917 साली परवाने मिळाले. मिल्सचे पाहुणे अर्थात पैसे मोजत. सर्वांना खुली अशी विनामूल्य सेवा उद्यान खात्याने सुरू केली ती 1920 साली, कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीत. हॅरल्ड ब्रायंट आणि लॉय मिलर हे दोन प्राणिशास्त्रज्ञ तिचे पहिले वाटाडे. मला स्वतःला मिल्सपेक्षा या दोघांचे अधिक कौतुक वाटते. ज्ञान देणारे पुष्कळ असतात. ते देताना दाराशी गल्ला न ठेवणारे थोडे.

फेरी संपल्यावर सासूबाईंनी कमरेची पिशवी सोडून दहा डॉलरची नोट काढली. कुठून साठवली होती कोण जाणे. रेंजरने हात जोडून नकार दिला. सरकारी नोकराला बक्षिसी चालत नाही. सासूबाईंना ते मुळीच पटले नाही.

“मग याचं पोट कशावर गं?”

विचारले. तो हंगामी नोकर होता. उन्हाळ्यापुरता पगार, हिवाळ्यात एका शाळेत बदली शिक्षक. पुढल्या हंगामाला पुन्हा अर्ज. ऐकून मला आमच्या विभागातली तरुण मंडळी आठवली. तासिका तत्त्वावर शिकवतात, तासाला इतके रुपये, सुट्टीत शून्य. आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखत. विद्यार्थ्यांना हे दिसत नाही. त्यांना समोर तास झालेला दिसतो.

डेन्व्हरला परतल्यावर सासूबाईंनी खिडकी सोडली. शेजारणीला अंगणातल्या झाडाचा वास घ्यायला लावला, आणि तिला हातांनीच काही समजावले. वन्संनी मला पुन्हा तो प्रश्न विचारला नाही.

2025 च्या फेब्रुवारीत बातमी आली की अमेरिकेच्या उद्यान खात्यातले सुमारे एक हजार नवे कर्मचारी एका झटक्यात कमी केले. पुढे प्रकरण न्यायालयात गेले. मी वर्तमानपत्र मोठ्याने वाचत होते. सासूबाई शेंगा सोलत होत्या. त्यांचा हात थांबला.

“आपला पोरगा आहे का गं त्यात?”

त्याचे नाव आम्ही विचारलेच नव्हते. तो हंगामी, ही माणसे वेगळी, असे काहीबाही मी सांगू लागले. त्यांनी ऐकून घेतले, आणि शेंगांचे सूप बाजूला सारून म्हणाल्या, “वन्संना फोन लाव. जाऊन बघून यायला सांग.”